खेमराजनं बटण दाबलं होतं

हिरडाटोल्याच्या समाजमंदिरात सगळ्यांचे फोन एकदम वाजले, त्या दिवशी दीप्ती बोरकरसाठी गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. कोणाच्या कमरेला, कोणाच्या पदराच्या गाठीत, कोणाच्या पोराच्या हातात, जिथं तिथं फोन, आणि सगळ्यांतून एकच आवाज: "हत्ती गावाकडे येत आहेत. मातीच्या घरात थांबू नका. शाळेच्या पक्क्या इमारतीत जा." म्हाताऱ्या माणसांनी तर फोन कानाला लावूनच एकमेकांकडे पाहून हसायला सुरुवात केली. दीप्तीनं तेव्हा मान खाली घातली होती, पण आतून ती फुलून गेली होती.

दीप्ती गोंदियाची. वडील शालिकराम रेल्वेत गँगमन होते, निवृत्त झाले. पोरगी इंजिनीअर झाली आणि पुण्याला न जाता गोंदियातच धर्मेंद्र बिसेन यांच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात लागली, याचं त्यांना अर्धं समाधान आणि अर्धं वाईट वाटायचं. ऑफिसात कामं यायची ती राइस मिलची. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा कुठं गेला. अशात एका संस्थेनं हत्तींचं काम आणलं. छत्तीसगड, गडचिरोलीकडून येणारा कळप दोन-तीन वर्षांपासून अर्जुनी मोरगावच्या जंगलात उतरत होता. संस्थेला हवं होतं ते साधंच. जंगलाच्या कडेला पहारा देणाऱ्या माणसानं फोनवर गावाचं नाव निवडून बटण दाबायचं, की त्या गावातल्या सगळ्या फोनवर इशारा जायचा. दीप्तीनं हा प्रोग्राम एकटीनं लिहिला. समाजमंदिरातला प्रयोगही तिनंच करून दाखवला, आपल्या लॅपटॉपवरचं चाचणीचं बटण दाबून.

पहाऱ्यासाठी गावानं खेमराज कापगतेला निवडलं. चाळिशीचा, उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याची थोडी धानाची बांधी होती, बाकी दिवस तो मिळेल त्या कामाला जायचा. दीप्तीनं त्याला फोन कसा वापरायचा ते शिकवलं. शेवटी तिनं बजावून सांगितलं होतं, "स्क्रीनवर 'सूचना मिळाली' असं आलं, की गावाकडे धावत यायची गरज नाही. तुम्ही तिथंच थांबून कळप कुठं वळतो ते पाहा. गावाला कळवायचं काम मशीन करेल."

"करंल ना पक्कं?" खेमराजनं विचारलं होतं.

"करेल," दीप्ती म्हणाली होती.

दिवाळी सरली. धान कापून झालं, जागोजागी पेंढ्यांचे पुंजणे रचले गेले. वाळलेल्या धानाचा वास हत्तींना लांबून येतो. एका दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला कळप नाल्यातून वर चढला आणि हिरडाटोल्याच्या दिशेनं निघाला. गावात फोन वाजला नाही. बाया चुली पेटवत होत्या, पोरं खेळत होती. मनिरामचं घर गावाच्या टोकाला. त्याच्या घरात मोहफुलांची पोती ठेवलेली होती. हत्तीनं मागची भिंत रेटली. मनिरामची बायको सुशीलाबाई आत भात शिजवत होती. ती मातीची भिंत तिच्या अंगावर आली आणि तिचा खुबा मोडला. लोकांनी टेंभे पेटवले, डबे बडवले, तेव्हा कळप मागं फिरला.

मग लोकांना खेमराज आठवला. तो नाल्याच्या बाजूनं धावतपळत आला, तेव्हा मनिरामनं त्याची गचांडी धरली.

"कुठं होतास बे? बटण काऊन नाही दाबलास?"

"दाबलो होतो! देवाची आन, दाबलो होतो. 'सूचना मिळाली' म्हणून आलं होतं."

"मंग आमचे फोन का मेले होते?"



दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसाचा हिरडाटोल्यातून गोंदियाला फोन आला. धर्मेंद्रनं स्पीकर लावला. दीप्तीनं घाईघाईनं सर्व्हर उघडून पाहिलं. आदल्या संध्याकाळी इथून एकही कॉल गेलेला नव्हता. तिनं संस्थेच्या माणसाला धीर दिला आणि चाचणीचं बटण दाबलं. फोनवरच हिरडाटोल्यातला गलका ऐकू आला. सगळ्यांचे फोन वाजत होते.

"म्हणजे सिस्टीम ठीक आहे," धर्मेंद्र म्हणाला.

"ठीक आहे," दीप्ती म्हणाली. आणि मग तिनं ते वाक्य उच्चारलं, जे पुढं तिला झोपेतही ऐकू येणार होतं. "खेमराजजींकडून सूचनाच आली नसेल. घाबरून राहून गेलं असेल."

आत आलेल्या सूचना वेगळ्या जागी बघाव्या लागतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्या पाहिल्या नाहीत. बाहेर कॉल गेला नाही म्हणजे आत काही आलंच नाही, असं तिनं धरून टाकलं. आपण लिहिलेलं चुकलं असेल, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

ते वाक्य गावात पोचायला वेळ लागला नाही. गोंदियाच्या मॅडमनंच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. खेमराज लग्नकार्यात कधीमधी घ्यायचा, तेवढं लोकांना पुरलं. मोहाची पिऊन पडला असेल, म्हणाले. पहाऱ्याचा फोन काढून इंद्रकुमार नावाच्या तरुणाला दिला. मनिराम खेमराजच्या दारापुढं जाऊन थुंकून आला.

पुढं काही आठवड्यांनी शेजारच्या एका गावानंही हीच सोय मागितली. दुपारची वेळ होती. ऑफिसात पंखा कुरकुरत होता, धर्मेंद्र मिलवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होता. दीप्तीनं जुना प्रोग्राम उघडला आणि नव्या गावासाठी त्यातला भाग उचलायला सुरुवात केली. एका ओळीवर तिचा हात थांबला.

आलेलं गावाचं नाव आणि यादीतलं गावाचं नाव, यांच्यामध्ये तिनं दोन बरोबर-चिन्हं टाकली होती.

जावा ही प्रोग्रामची भाषा शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षीच सांगतात, की अक्षरं अशी ताडून बघायची नसतात. ती दोन चिन्हं नावं सारखी आहेत का, हे विचारतच नाहीत. ती विचारतात, की ही दोन नावं संगणकाच्या स्मृतीत एकाच जागी ठेवलेली आहेत का. इथं 'हिरडाटोला' आणि तिथं 'हिरडाटोला', अक्षर न् अक्षर तेच, पण जागा दोन, तर उत्तर नाही. अक्षरं ताडायची तर 'इक्वल्स' लिहावं लागतं. दीप्तीला हे पाठ होतं. नोकरीला आलेल्या नव्या पोरांना ती स्वतः हाच प्रश्न विचारायची.

चाचणीचं बटण कसं चाललं, तेही तिला लगेच कळलं. चाचणीत दोन्ही नावं तिनं प्रोग्राममध्येच लिहून ठेवली होती. तशी लिहिलेली दोन सारखी नावं जावा काटकसर म्हणून एकाच जागी ठेवतो. जागा एक, म्हणून उत्तर हो. पण खऱ्या माणसाच्या फोनवरून आलेलं नाव प्रत्येक वेळी नव्या जागी उतरतं. म्हणजे समाजमंदिरात टाळ्या पडल्या त्या दिवशीही हा प्रोग्राम खऱ्या सूचनेसाठी बहिराच होता. 'सूचना मिळाली' हे उत्तर तर ती नावं ताडण्याआधीच धाडत होती.

तिनं स्वतःच्या फोनवर पहाऱ्याचं ॲप घातलं. गावांच्या यादीत आपला एकटीचा नंबर टाकून एक खोटं गाव तयार केलं आणि त्याचं नाव निवडून बटण दाबलं. 'सूचना मिळाली.' तिचा फोन टेबलावर गप्प पडून राहिला. तिनं परत दाबलं. परत तेच शब्द, परत तीच शांतता. मग तिनं आत आलेल्या सूचना उघडल्या, तर त्या संध्याकाळची खेमराजची सूचना तिथं होती. नाल्याच्या काठावर, समोर हत्ती दिसत असताना एका माणसानं हेच दोन शब्द वाचले होते. वाचून तो थांबला होता, कारण थांबायला तिनंच सांगितलं होतं. हा प्रोग्राम नसता, तर तो ओरडत गावाकडे धावला असता आणि सुशीलाबाई चुलीपासून उठून बाहेर आली असती.

तिनं धर्मेंद्रला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी डोक्याला हात लावला, मग दार लोटून घेतलं.

"दुरुस्त होईल ना?"

"एका ओळीचं काम आहे, सर."

"मग करून टाक. और बात खतम. सांगून त्या बाईची हड्डी जुडणार आहे का? संस्था काम काढून घेईल, मिलवाले ऐकतील. इथं सहा जणांचं घर चालतं, दीप्ती."

दीप्तीनं ती ओळ बदलली. सर्व्हरवर चढवली. फोनवरून बटण दाबून पाहिलं, फोन वाजला. घरी गेल्यावर शालिकरामनं नेहमीसारखं विचारलं, "हत्तीचं काम कसं चालू आहे?" ती म्हणाली, "आता बरोबर चालू आहे." त्यातल्या 'आता'कडे त्यांचं लक्ष गेलं नाही. तिनं भात पुढं सरकवला आणि डोकं दुखतं म्हणून उठली.

सांगावं असं तिला रोज वाटायचं. रोज काहीतरी निघायचं. आज संस्थेच्या माणसाचा फोन लागला नाही, आज मिलचं बिल अडलंय, उद्या सांगू. खरं म्हणजे ती वाट बघत होती, की हे आपोआप जुनं होईल.

ते जुनं झालं नाही. कळप परत आला. इंद्रकुमारनं बटण दाबलं, गावातले सगळे फोन वाजले, लोक पोराबाळांना घेऊन शाळेत गेले. हत्तींनी पुंजणे विस्कटले, एक कुंपण पाडलं आणि निघून गेले. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. संस्थेच्या माणसानं सकाळी सकाळी फोन करून दीप्तीचं अभिनंदन केलं.

"आणि मॅडम, गावात तर आता सगळे एकच म्हणून राहिले, की पाहा, बटण दाबलं का वाजते. खेमराजचं पितळ उघडं पडलं. बिचारे लोक काही दिवसांपासून थोडे विरघळले होते, आता तर..."

दीप्तीला पुढचं ऐकू आलं नाही. तिनं गुपचूप केलेल्या दुरुस्तीनंच खेमराजला कायमचं खोटं ठरवलं होतं. चुकून केलेला अन्याय एक वेळ समजू शकतो. हा तर तिनं जाणून केला होता.

त्याच दिवशी तिनं सुटी टाकली आणि बल्लारशाच्या गाडीत बसली. अर्जुनीला उतरून ऑटो केला. खेमराज घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, "खारीवर आहेत, धानाचा चुरणा करून राहिले." नाव विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. तिनं दीप्तीला ओळखलं होतं.

खळ्यावर खेमराज एकटाच धान झोडपत होता. आजूबाजूच्या खळ्यांवर पाच-सात माणसं एकमेकांच्या मदतीला होती, कुठं मळणीची मशीन धडधडत होती. याच्या खळ्यावर कोणी नव्हतं. दीप्तीला पाहून त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"चुकी माझी होती, खेमराजजी," ती उभ्या उभ्याच म्हणाली. आणखी काही प्रस्तावना केली असती, तर तिच्यानं बोलणंच झालं नसतं. "तुम्ही बटण दाबलं होतं. तुमची सूचना आली होती. माझ्या प्रोग्रामनं ती पुढं जाऊ दिली नाही."

खेमराज तिच्याकडे नाही, आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होता.

"मंग मोबाईलवर 'मिळाली' काऊन आलं?"

"मिळाली होती, म्हणून आलं. पुढं नाव ताडताना चुकलं."

"नाव मी बरोबर धाडलो होतो ना? हिरडाटोलाच?"

"हो."

"आनि तुमच्याकडं?"

"हिरडाटोलाच."

"दोनीकडं एकच नाव, मंग चुकलं कायचं?"

दीप्तीनं ओठ चावला. "नाव एकच आहे का, हे विचारायचं होतं. मी विचारलं, की दोन्ही एकाच जागी ठेवलेली आहेत का. जागा वेगवेगळ्या होत्या. म्हणून मशीन नाही म्हणालं. मशीननं बरोबर उत्तर दिलं, खेमराजजी. प्रश्न मी चुकीचा लिहिला."

त्यानं हे सगळं समजून घ्यायचा प्रयत्न केला, की सोडून दिला, तिला कळलं नाही. तो पेंढ्यांवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "मले वाटून राहिलं होतं, मीच नाही दाबलो असंन. पहिले पहिले भांडलो सगळ्याईसंग. मंग रोज तेच आठवून आठवून... अंगठा लागला होता का नाही लागला? मीच भेलो होतो का? बायको म्हणे, कबूल करून टाका, लोक माफ करतीन. उद्या-परवा मी जाऊन कबूल करनार होतो मनिरामपाशी."

दीप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथं रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते आवरलं.

"तुमाले हे कवा समजलं?" खेमराजनं विचारलं.

हाच प्रश्न येऊ नये, असं ती गाडीत बसल्यापासून मनात म्हणत होती. काल समजलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याला कधीही कळलं नसतं.

"इंद्रकुमारनं बटण दाबलं, त्याच्या आधी. मी गुपचूप दुरुस्त केलं आणि कोणाला सांगितलं नाही."

खेमराज उठला. पेंढी उचलली आणि झोडपायला लागला. दाणे उडून दीप्तीच्या पायाशी येत होते. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "गावात सांगा. मी नाही सांगनार. माहं सांगून झालं."

उन्हं कलता कलता मनिरामच्या अंगणात लोक जमले. पडलेल्या भिंतीच्या जागी बांबूच्या ताट्या उभ्या केल्या होत्या. सुशीलाबाई आत खाटेवर होती, दार उघडं होतं. दीप्तीनं सगळं सांगितलं, लपवलेल्या दिवसांसकट.

गर्दीतून कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं, "मशीनचीच गलती आहे म्हना ना बाई. मशीन होय, चुकते."

"नाही," दीप्ती म्हणाली. "मशीन चुकलं नाही. मी चुकले. आणि नंतर खोटं वागले."

मनिराम तिच्या अंगावर धावून येईल असं सगळ्यांना वाटलं. तो आला नाही. तो जागीच खाली बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. इंद्रकुमारनं खिशातून पहाऱ्याचा फोन काढला, हातात फिरवला आणि परत ठेवला. आतून सुशीलाबाईचा आवाज आला.

"माहा खुबा हत्तीनं मोडला. हत्तीले काय म्हनाचं? पन खेमराजच्या दारात थुंकाले तुमाले हत्तीनं धाडलं होतं का गा?"



दीप्ती आत गेली. खाटेजवळ लाकडी पाट होता, त्यावर बसायला ती वाकली, तोच सुशीलाबाई म्हणाली, "सांगितलीस ते बरं केली, पोरी. पन माह्यापाशी बसू नोको. अजून नाही."

दीप्ती उभीच राहिली आणि थोड्या वेळानं बाहेर आली. परतीच्या गाडीत तिला मोकळं वाटायला हवं होतं. सांगून टाकलं की हलकं होतं, असं लोक म्हणतात. तिला तसं काही झालं नाही.

धर्मेंद्रनं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच संस्थेला फोन करून माफी मागितली. संस्थेनं काम काढून घेतलं नाही, पण दीप्तीनं लिहिलेलं दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय आणि खऱ्या पहारेकऱ्याच्या हातून गावात चालवून दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, असं ठरवलं. धर्मेंद्रनं नव्या गावाचं काम दुसऱ्याला दिलं आणि तिला परत मिलच्या बिलांवर बसवलं. तिनं तक्रार केली नाही. शालिकरामला तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईला बघायला दवाखान्यात मी जाऊन येतो." ते खरंच गेले, सुशीलाबाईला गोंदियाला तपासायला आणलं होतं तेव्हा. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

हिरडाटोल्याच्या बातम्या दीप्तीला संस्थेच्या माणसाकडून कळत. दुसऱ्याच दिवशी मनिराम आणि आणखी चार जण खेमराजच्या खळ्यावर जाऊन उभे राहिले म्हणे. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांनी पेंढ्या उचलल्या आणि उरलेलं धान झोडपून दिलं. निघताना मनिराम काहीतरी बोलायला गेला, तर खेमराज म्हणाला, "राहू दे गा." गावानं पहाऱ्याचा फोन परत त्याला देऊ केला. तो त्यानं घेतला नाही. इंद्रकुमारजवळच राहू द्या, म्हणाला. पण संध्याकाळी जंगलाच्या कडेला तो आपणहून जायला लागला, हातात एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन.

दीप्तीनं त्याला कितीदा तरी फोन लावला. तो उचलायचा नाही. माघ महिन्यात एकदा उचलला.

"फोन वाजतात ना आता, खेमराजजी?" काय बोलावं ते न सुचून तिनं विचारलं.

"वाजतेत."

"कळप आला होता म्हणे."

"आला होता. फोन वाजले. पन मी डबा वाजवत, वरडत आलोच." मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "आता मी थांबत नाही, मॅडम. कोनी थांबा म्हटलं, तरी नाही थांबत."

त्यानं फोन ठेवला. दीप्तीच्या समोर राइस मिलचं बिल उघडं होतं. तिनं एक ओळ लिहिली, ती परत वाचली, आणि शेजारच्या टेबलावरच्या आचलला हाक मारून म्हणाली, "एवढं जरा तपासून देतेस का?"